राजा सिंहासनावर बसला की आवाज जायचा

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका नाट्यसंस्थेने पदांनी भरलेलं एक संगीत नाटक नव्याने उभं केलं. संस्था, नाटक आणि माणसं ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. काय आधी केलं आणि काय नंतर, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. ऑर्गन आणि तबला जुन्या रीतीने विंगेपाशी, पण बाकी मांडणी आजची. मागे एलईडी भिंत, समोर बारा कलाकार, प्रत्येकाच्या कमरेला डिजिटल बॉडीपॅक, म्हणजे माइकचा आवाज रेडिओलहरींवरून रिसीव्हरकडे पाठवणारी डबी, आणि कपाळाजवळ केसांत लपवलेला माइक. प्रयोग गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असे फिरते राहणार होते.

आवाजाची जबाबदारी ठाणे पूर्वेच्या एका ध्वनिसंयोजकाकडे होती. त्याचा जुना वायरलेस संच ७०० मेगाहर्ट्झच्या वरचा. २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात तो पट्टा ५जीसाठी गेला आणि मोबाइलचे टॉवर त्यावर बोलू लागले, तसा तो संच दगा देऊ लागला. म्हणून ५५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा नवा डिजिटल संच आला. या पॅकची अँटेना म्हणजे सुटी, लवचीक तार. खाली स्क्रूने बसणारा एसएमए कनेक्टर. काही कंपन्यांच्या पॅकवर अँटेना कायमची जोडलेली असते. त्यांना पुढचं बरंचसं लागू होणार नाही.

संयोजकाची आणि माझी ओळख हॅम, म्हणजे हौशी रेडिओमुळे. मला बोलावलं ते चार-पाच प्रयोग झाल्यावर, आणि बोलावताना निदानही त्यानेच करून ठेवलं होतं: "एलईडीवाल्यांनी वाट लावलीय. तू फक्त त्यांना समजावून सांग."

नेमकी अडचण

दुसऱ्या अंकात राजा सिंहासनावर बसून एक पद म्हणतो. पदाच्या मध्यावर, नेमका तान घेताना, आवाज बंद. एखादा सेकंद शांतता, मग पुन्हा आवाज. अ‍ॅनालॉग माइक जाण्याआधी खरखरतो, फुसफुसतो. ऑपरेटरला फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली घ्यायला वेळ मिळतो. डिजिटल संच शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम मुका होतो. प्रेक्षकांना वाटतं नटाचाच सूर तुटला. राजाचं काम करणारे ज्येष्ठ गायक-नट यावर फार दुखावले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

इतरही तक्रारी होत्या. सेनापतीचा माइक कुठेही, कधीही जायचा. आणखी दोन-तीन जणांचा घाम आला की जायचा. सगळ्यांवर एकच शिक्का मारला गेला होता: "वायरलेसचा प्रॉब्लेम." माझ्या मते या प्रकरणातली पहिली अडचण हा शिक्काच होता. तीन वेगळ्या कारणांच्या तक्रारी एका नावाखाली आल्या आणि सगळ्यांवर मिळून एकच औषध शोधणं सुरू झालं.

दोष शोधताना

पहिला निर्णय असा घेतला की काहीही विकत घेण्याआधी एक रिकामी दुपार मागायची. नाट्यगृहाची दुपार मिळवणं म्हणजे काय ते तारखांसाठी हिंडलेल्यांना ठाऊक आहे. निर्मात्या ताईंनी प्रयोगाच्या दिवशी नेपथ्य लवकर लावून ती मिळवून दिली. अट एकच घातली: सिंहासन, एलईडी भिंत आणि पूर्ण वेशभूषा, सगळं लागलेलं हवं.

एलईडी भिंत बंद ठेवून राजाला बसवलं. आवाज तरीही गेला. भिंत चालू केल्यावर रिसीव्हरवरची पार्श्वगोंगाटाची पातळी थोडी वर चढली, हे खरं. एलईडी भिंती यूएचएफमध्ये, म्हणजे हे माइक चालतात त्या पट्ट्यात, गोंगाट करतात आणि त्यामुळे हाताशी असलेली सवलत, म्हणजे आवाज जाण्याआधी सिग्नल किती पडू शकतो ते अंतर, कमी होते. पण मुख्य गुन्हेगार ती नव्हती. एलईडीवाला मुलगा मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होता; त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

दुसरी खूण रिसीव्हरच्या दोन अँटेनांनी दिली. असे संच एकाच वेळी दोन अँटेनांवर ऐकतात आणि ज्यावर सिग्नल बरा असेल तो घेतात. एकच अँटेना पडली तर दोष बहुधा त्या अँटेनेच्या वाटेत किंवा केबलमध्ये. राजा बसला की दोन्ही एकदम पडत होत्या, उभा राहिला की दोन्ही एकदम वर येत होत्या. म्हणजे सिग्नल अंगावरून सुटतानाच अडत होता.

सिंहासन उलटं करून पाहिलं. वरून प्लाय, कोरीव काम आणि सोनेरी रंग. आतून मात्र लोखंडी चौकोनी पाइपची चौकट आणि पाठीला पत्रा. पॅक राजाच्या कमरेला मागे, अँटेना पाठीला चिकटून वर गेलेली. एका बाजूला घामाने भिजलेलं शरीर, दुसऱ्या बाजूला पत्रा, मध्ये दोन बोटांची जागा. ५५० मेगाहर्ट्झला माणसाचं अंग म्हणजे जवळजवळ खारट पाण्याची पिशवी. ते सिग्नल शोषतं. पत्रा उरलेला अडवतो.

बाकीच्यांचे पॅक काढून अँटेना टेबलावर ओळीने मांडल्या आणि फूटपट्टी लावली. हे काम मी सगळ्यात आधी करायला सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पॅकवरची तार साधारण पाव तरंगलांबीची असते. हिशोब सोपा: ७५ला मेगाहर्ट्झने भागलं की पाव तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ५५०ला ती येते १३६ मिलिमीटर. तारेवरच्या प्लास्टिकमुळे प्रत्यक्षात थोडी कमी, १३०च्या आसपास. टेबलावर तीन अँटेना जेमतेम १०० मिलिमीटरच्या निघाल्या. त्या जुन्या ७०० मेगाहर्ट्झच्या संचाच्या होत्या. सुट्या भागांचा डबा एकच, तुटलेल्या अँटेनेच्या जागी हाताला लागेल ती लावली गेलेली. कनेक्टर तोच, काळा रंग तोच. चुकणं अगदी साहजिक. घाम आला की माइक जाणाऱ्यांपैकी दोघांच्या पॅकवर याच अँटेना होत्या.

सेनापतीचं उत्तर तर अंगावरच लटकत होतं. कपडेपटाने कुठूनतरी खऱ्या लोखंडी कड्यांचं चिलखत मिळवलं होतं. दिसायला देखणं, चालताना मस्त खळखळणारं. आतला पॅक अक्षरशः पिंजऱ्यात.

समोरचे पर्याय

संयोजकाचा पहिला आग्रह पॉवर वाढवायचा. पॅक १० मिलीवॅटवर होते आणि वरची पायरी उपलब्ध होती. दोन गोष्टींसाठी मी नको म्हटलं. बॅटरी लवकर उतरते आणि तीन अंकी संगीत नाटकाला ते परवडत नाही. दुसरं म्हणजे प्रवेशाआधी विंगेत सहा-सात कलाकार एकमेकांना खेटून उभे असतात. जवळजवळचे ट्रान्समीटर जितके जोरात बोलतील तितकं त्यांचं इंटरमॉड्युलेशन वाढतं: दोन वारंवारतांच्या बेरीज-वजाबाकीतून तिसरीच भुतं जन्मतात आणि दुसऱ्या कुणाच्या चॅनेलवर जाऊन बसतात. राजाचा आवाज वाचवताना दासीचा घालवायचा, असा तो सौदा झाला असता.

दुसरा पर्याय रिसीव्हर जवळ आणायचा. तोवर रिसीव्हर प्रेक्षागृहाच्या मागे, मिक्सरपाशी होते. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत ६ डीबी (डेसिबल) मिळतात, म्हणजे चौपट सिग्नल. हे लगेच केलं. मोह होता तो फक्त अँटेना विंगेत नेऊन ३० मीटर साधी आरजी-५८ केबल मागे ओढण्याचा. पण या वारंवारतेला तेवढ्या केबलमध्ये १० डीबीहून जास्त सिग्नल आटतो, म्हणजे कमावलेलं सगळं वाटेत सांडतं. म्हणून रॅकच विंगेत ठेवला आणि मागे नेला फक्त ऑडिओ.

सिंहासन लाकडी करता येईल का, हेही विचारलं. नेपथ्यकारांचं म्हणणं होतं की लोखंडी चौकट टेम्पोत घड्या घालून बसते आणि राजा जोरात टेकला तरी हलत नाही. तेव्हा तो विषय तिथेच थांबला.

पॅकची जागा बदलायची, तर पुढे पोटावर कमरपट्ट्याखाली फुगवटा दिसतो, आणि गाणारा माणूस पोटावर पट्टा आवळून घ्यायला तयार नसतो. राजांनी स्पष्टच सांगितलं, "दादा, श्वास तिथूनच घ्यायचा असतो मला." मंदिलात पॅक ठेवायची सूचना आली, तिच्यावर सगळे हसले आणि ती मागे पडली.

उरला पर्याय: पॅक मागेच राहू दे, अँटेना तेवढी पुढे आणायची. त्यासाठी केबल लागणार होती आणि तशी केबल तयार मिळत नव्हती.

इथे दुसरा महत्त्वाचा निर्णय झाला. संयोजकाला बाराही कलाकारांसाठी अशी केबल करून घ्यायची होती. एकदाच खर्च, डोक्याला ताप नको. मी म्हटलं, आधी स्वस्तातलं करून बघू. सगळ्यांना योग्य लांबीच्या अँटेना दिल्या. पॅकचे कापडी बटवे असे फिरवले की अँटेना आडवी न होता सरळ राहील. आणि फिश टँकच्या दुकानातून हवेच्या पंपाची सिलिकॉन नळी आणून तिचे तुकडे अँटेनांवर चढवले. नळीमुळे तार त्वचेपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहते, घाम तिला भिडत नाही. नाटकांच्या आवाजाची कामं करणारे ही युक्ती वापरत आले आहेत, त्यात माझं काही नाही. चिलखताच्या जागी कपडेपटाने जाड सुतळीचं विणून, रुपेरी रंगवून दुसरं केलं. खळखळाट गेला म्हणून दिग्दर्शक काही दिवस नाराज होते.

एवढ्यावर बारापैकी अकरा जणांचा प्रश्न मिटला. केबल हवी होती फक्त राजाला.

पहिली केबल

वागळे इस्टेटमध्ये एक कारागीर आहेत, सीसीटीव्ही आणि टेलिकॉमच्या केबलची टोकं बांधण्यात त्यांचा हात बसलेला. संयोजक त्यांना काका म्हणतो. काकांनी सांगितलं तसं सरळ काम केलं: आरजी-१७४ची ४५ सेंटिमीटर केबल, एका टोकाला पॅकवर बसणारा एसएमए, दुसऱ्या टोकाला तसाच सॉकेट, त्यावर मूळ अँटेना. वीज लांबवायला एक्स्टेन्शन बोर्ड लावतो तसं.

त्याआधी कनेक्टरांची एक गंमत झाली. संयोजकाचा सहायक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर कनेक्टर घेऊन आला. आटे बरोबर बसत होते, पण मीटर सलगता दाखवेना. ते निघाले वायफाय राउटरचे, आरपी-एसएमए. बाहेरून हुबेहूब, आत पिन असायला हवी तिथे भोक. पॅकच्या बाजूलाही भोकच, म्हणजे मधली तार कुठेच टेकत नाही. वाईट असं की जवळून थोडा सिग्नल तरीही उडी मारून जातो, त्यामुळे टेबलावर सगळं चालतंय असं वाटतं. घेताना आत डोकावून पिन पाहायची, एवढाच उपाय.

बरोबर कनेक्टर लावून केबल तयार झाली, आणि टेबलावर रिसीव्हरचे दिवे भरभरून लागले. संयोजक खूश. मग मी एक चाचणी सुचवली: अँटेनेला हात न लावता फक्त केबल मुठीत धरायची आणि मूठ वर-खाली सरकवायची. दिवे नाचायला लागले. मूठ एका जागी असताना सिग्नल पडत होता, दुसरीकडे नेली की वर येत होता.

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पॅकवर दिसणारी तार ही अर्धीच अँटेना असते. दुसरा अर्धा भाग म्हणजे पॅकचं धातूचं कवच, आणि माइकची तार व पॅक धरणारं अंगही त्यात थोडंफार सामील होतं. तारेत प्रवाह वर जातो तेव्हा तेवढाच प्रवाह कुठेतरी खाली जावा लागतो. तार ४५ सेंटिमीटर लांब नेऊन ठेवली की तिच्या पायाशी कवच उरत नाही. प्रवाह मग केबलच्या मधल्या तारेभोवती विणलेल्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून परत वाहतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. ती केबल राजाच्या घामट कमरेला गुंडाळलेली. म्हणजे अँटेना पुढे आणायला गेलो आणि तिची अर्धी बाजू पुन्हा पाठीशीच ठेवून आलो.

काकांना हे पटायला वेळ लागला. "सलगता आहे, शॉर्ट नाही, मग केबलमध्ये खोट कसली?" त्यांच्या चौकटीत प्रश्न रास्त होता. सीसीटीव्हीत केबल निर्दोष असली की काम संपतं. मी रिसीव्हर त्यांच्यासमोर ठेवला आणि केबल त्यांनाच मुठीत धरायला सांगितली, तेव्हा ते गप्प झाले आणि मग स्वतःच पुढे काय करायचं ते विचारू लागले.

दुसरी केबल

उपाय जुना आहे: अँटेनेचा दुसरा अर्धा भाग केबलच्या टोकाशीच तयार करायचा. केबलच्या शेवटी बाहेरचं आवरण काढायचं, मधली तार पाव तरंगलांबी उघडी ठेवायची आणि जाळी उलटी फिरवून तितक्याच लांबीने केबलवर खाली ओढायची. वर तार, खाली जाळीची बाही. मिळून पूर्ण डायपोल, म्हणजे दोन्ही अर्धे भाग असलेली अँटेना, स्वतःच्या पायावर उभी. पॅकच्या कवचाची गरज संपली.

कागदावर हे दोन ओळींत होतं, हातात घेतल्यावर नाही. पहिल्या केबलला आरजी-१७४ चालून गेली, पण तिच्या आत पॉलिथिन असतं. डाख देताना ते वितळतं आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. म्हणून आरजी-३१६ घेतली. जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, आत टेफ्लॉन, डाखणीला दाद न देणारं. तिच्यात सिग्नल जास्त आटतो अशी कुरकुर झाली. ५५०ला मीटरमागे पाऊण डीबीच्या आत-बाहेर. आपली केबल अर्धा मीटर. घामाची पाठ आणि पत्रा मिळून जे खातात त्यापुढे ही चिल्लर आहे.

जाळी उलटी फिरवली की तिचा घेर वाढतो आणि लांबी कमी होते, त्यामुळे १३० मिलिमीटर मोजून कापली तरी बाही आखूड पडते. काकांनी यावर स्वतःची वाट काढली: जाड केबलची जाळी सोलून घेतली, बाहीसारखी बाहेरून चढवली आणि वरच्या टोकाशी मूळ जाळीला गोल डाख दिला. माझ्या सूचनेपेक्षा हे सुबक झालं.

एक अडचण तरीही राहते. बाहीच्या बाहेरच्या अंगाला पाव तरंगलांबी सुमारे १३० मिलिमीटरला भरते. पण बाही आणि केबल यांच्या मधल्या पोकळीत केबलचं प्लास्टिक आवरण आहे. तिथे तरंग हळू चालतो आणि पाव तरंगलांबी ९५ मिलिमीटरलाच संपते. दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत, म्हणून थोडा प्रवाह बाहीखालून केबलवर गळतोच. त्यासाठी बाहीच्या खाली फेराइटचे, म्हणजे असा गळता प्रवाह अडवणारे, बारीक मणी ओवले. इथे जुन्या कॉम्प्युटर केबलवरचा फेराइटचा गोळा फोडून वापरायचा विचार पुढे आला होता. तो कोणत्या वारंवारतेसाठी बनवलाय हे कळायला मार्ग नसतो. काहीशे मेगाहर्ट्झला काम करणारं मटेरियल डेटाशीट बघून मागवलं. मुठीची चाचणी पुन्हा केली. दिवे जवळपास स्थिर.

मग लांबी जुळवणं. अँटेनेची जुळणी मोजणारं एक छोटं यंत्र, काही हजार रुपयांत मिळणारा नॅनोव्हीएनए, यासाठी पुरतो. टेबलावर तो सुरेख दरी दाखवतो आणि माणूस तिथेच फसतो. अंगाजवळ नेली की अँटेनेची जुळणी खालच्या वारंवारतेकडे सरकते. म्हणून केबल सहायकाच्या अंगावर लावून कापली: मिठाच्या पाण्यात भिजवलेला गंजीफ्रॉक, वर अंगरखा. त्या पोराने तक्रार केली नाही, फक्त चहा दोनदा मागितला. एका वेळी तीन-चार मिलिमीटर कापत, ५५०वर जुळणीचा आकडा (एसडब्ल्यूआर) २:१च्या खाली आला आणि थांबलो. संयोजकाला आकडा आणखी खाली हवा होता. पण २:१ला परत फिरते ती ११ टक्के शक्ती, म्हणजे तोटा अर्ध्या डीबीचा. अँटेना अंगापासून आणखी एक सेंटिमीटर उचलली तर मिळतं ते त्याहून कितीतरी जास्त. म्हणून उरलेला वेळ कात्रीऐवजी सुई-दोऱ्यावर घालवला.

कपडेपटातल्या मावशींनी अंगरख्याच्या आत, उजव्या छातीवर, नेफ्यासारखी उभी पट्टी शिवली आणि तिच्या मागे खांद्याच्या पॅडचा स्पंज भरला. उजवीकडे का, तर शेला डाव्या खांद्यावरून येतो आणि त्याच्या काठाला तारेची जर आहे. मल्टिमीटर लावल्यावर ती सरळ वाहक निघाली. अंगरख्याची जर प्लास्टिकची, तिथे मीटर काही दाखवत नव्हता. एवढ्यावरून ती अगदी निरुपद्रवी ठरत नाही, पण घालून-काढून पाहिलं तर सिग्नलमध्ये जाणवण्याइतका फरक नव्हता. पट्टीला वरून वेल्क्रो ठेवलं, म्हणजे अंगरखा धुवायला जाताना केबल बाहेर काढता येते.

प्रयोगात काय झालं

पुढच्या प्रयोगाला राजा बसला, पद पूर्ण झालं, आवाज गेला नाही. पूर्वी बसल्यावर एखाद्या दिव्यावर येणारा सिग्नल आता निम्म्याच्या वर टिकून होता, एलईडी भिंत चालू असताना.

काही प्रयोगांनंतर ती केबल मेली. उभं राहताना-बसताना पॅक बटव्यात फिरायचा आणि केबल कनेक्टरच्या मानेशी काटकोनात मुडपायची. तिथेच आत जाळी तुटली. प्रयोगाआधीच्या तपासणीत हे सापडलं म्हणून निभावलं, त्या दिवशी राजा साध्या अँटेनेवर गेला आणि दिग्दर्शकाने त्याला पदापुरतं सिंहासनाच्या पुढच्या कडेवर बसवलं. त्यानेही आवाज गेला नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. नव्या केबलला काटकोनी एसएमए लावला आणि मानेवर कडक नळीऐवजी मऊ सिलिकॉनची नळी चढवली. कडक नळीने ताण नाहीसा होत नाही, फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला सरकतो. त्यानंतरच्या केबल टिकल्या. आता दोन तयार असतात, एक अंगावर आणि एक डब्यात.

एसएमएचा नट प्रयोगागणिक थोडा सैल होतो. तो हाताने घट्ट करून पाहणं हे सहायकाच्या यादीत बॅटरी बदलण्याच्या लगेच खाली आलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नेपथ्य, वेशभूषा आणि आवाज यांची पहिली गाठ रंगीत तालमीत पडली, आणि तीही एलईडी भिंत न लावता. सिंहासन सुताराकडे असतानाच कुणी विचारलं असतं तर पत्र्याऐवजी प्लाय लावणं फुकटात झालं असतं. झालं असं की पुढे टेम्पोत दणके बसून सिंहासनाची पाठ खिळखिळी झाली आणि नेपथ्यकारांनी ती लाकडी करून टाकली, आवाजाचा विचारही न करता. तेव्हा आम्ही राजाला केबल आणि साधी अँटेना दोन्ही लावून बसवून पाहिलं. लाकडी पाठीशी साधी अँटेना नळी चढवून चालली, फक्त सवलत कमी होती. केबल काढायची का, यावर संयोजकाचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याला वाटतं, चालतंय त्याला हात लावू नये. मला वाटतं, जितके जोड कमी तितकी प्रयोगाआधीची धडधड कमी.

अँटेनांचा डबा हा दुसरा मुद्दा. जुना संच विकला तेव्हाच त्याच्या अँटेना त्याच्याबरोबर जायला हव्या होत्या. आता प्रत्येक अँटेनेच्या बुडाशी रंगीत श्रिंक नळीचा तुकडा असतो, एका पट्ट्याला एक रंग, आणि डब्याच्या झाकणावर रंगांपुढे मिलिमीटर लिहिले आहेत.

आणि काकांकडे जाताना मी पहिल्याच दिवशी बरोबर जायला हवं होतं, असं संयोजक म्हणतो. मला तसं वाटत नाही. पहिली केबल तशी बनली म्हणून मुठीची चाचणी दाखवता आली, आणि ती पाहिल्यावरच काकांनी बाहीची स्वतःची रीत शोधली. आता संस्थेने दुसऱ्या नाटकासाठी वेगळ्या पट्ट्यातले चार पॅक भाड्याने घ्यायचं ठरवलं आहे, ६०० मेगाहर्ट्झच्या जवळचे. ते पॅक लावणाऱ्या एका गायिकेला संपूर्ण प्रवेश पलंगावर आडवं पडून गायचा आहे. काकांनी पलंग कशाचा आहे, हे आधी विचारून घेतलं आहे.